फटफटीला कंठ फुटतो

वाहन मिळालं की माणसाला पहिली हौस वेगाची वाटते, असा जाहिराती लिहिणाऱ्यांचा समज आहे. मला ते पटत नाही. वाहन मिळालं की माणसाला पहिली काळजी पडते ती ही, की आपण आलो हे लोकांना कळणार कसं? बैलगाडी ती काय पळणार! तरी बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ हवीच. पोळ्याच्या आधी बाजारातून माळा, गोंडे आणायचे आणि घरी आणून आपल्या हातानं बांधायचे. 'बांधून द्यायचे वेगळे पडतील' असं कुठल्याही माळावाल्यानं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. वाहनावर आवाज बसवण्याचा हा आपल्याकडचा जुना प्रकार. त्यात वायर नव्हती, वॉरंटी नव्हती, आणि काम पसंत पडलं नाही तर बैल शिंगानं तसं ताबडतोब कळवत असे.

आता 'आपल्याकडचा' म्हणजे कुठला, ते सांगितलं पाहिजे. देवळाली म्हटलं की लोक थेट नाशिकच्या कॅम्पात पोचतात. त्या देवळालीत बोटीची वाट पाहून कंटाळलेल्या गोऱ्या सोजिरांमुळे इंग्रजीत वेडसरपणाला 'डुलॅली' हा शब्द मिळाला. आमची देवळाली ती नव्हे. आमची देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा पूर्वीचा नगर, आताचा अहिल्यानगर. आमच्याकडचं वेड उसाचं. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचं पाणी कालव्यांनी फिरलं. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. उसामागून पैसा आला, पैशामागून ट्रॅक्टर आणि फटफटी आली, आणि त्यांच्यामागून गाणं आलं.

या गाण्याचा इतिहास लिहावा असं मला वाटतं, कारण त्यात एक प्रश्न सुरुवातीपासून आजवर लोंबकळत राहिला आहे. तो असा, की वायर जोडायची कुणी? दुकानदारानं पैसे घेऊन, की आपण आपल्या हातानं?

हा प्रश्न पहिल्यांदा जोरात पडला तो अमेरिकेत, १९३० साली. शिकागोचे पॉल गॅल्विन यांनी मोटारीत बसवायचा रेडिओ तयार केला. अटलांटिक सिटीला रेडिओ कारखानदारांचं संमेलन होतं, पण मांडव घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी आपली स्टुडबेकर बाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्यानं लावून दिला. ऑर्डरी मिळाल्या. मोटर आणि 'व्हिक्ट्रोला'मधला 'ओला' जोडून त्या रेडिओचं नाव मोटोरोला झालं, आणि पुढे १९४७ साली तेच कंपनीचंही नाव झालं. पण तो रेडिओ बसवणं म्हणजे पोटाचं ऑपरेशन होतं. बॅटऱ्या कुठे ठेवायच्या, स्पीकर कुठे, छपरात एरियल कशी घालायची! शिवाय इंजिनाच्या प्लगमध्ये ठिणगी पडली की रेडिओत खर्रर्र आवाज येई, त्याचा निराळा बंदोबस्त करावा लागे.

याच गॅल्विन यांची एक गोष्ट सांगतात. ते कर्ज मागायला एका बँकरकडे गेले आणि बोलणी गोड व्हावीत म्हणून त्याच्या पॅकार्ड गाडीत आपल्या माणसांकडून रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात पॅकार्ड पेटली. कर्ज मिळालं नाही. माझी बँकेत बरीच वर्षं गेली आहेत, आणि कर्ज नामंजूर करण्याचं याहून स्वच्छ कारण मी कुठल्याही फायलीत वाचलेलं नाही. गोष्टीत घ्यायचं ते एवढंच, की वायर खुद्द कंपनीच्या माणसांनी जोडली होती. म्हणजे पैसे मोजून तज्ज्ञ आणला की गाडी पेटत नाही, या समजुतीला पहिल्याच वर्षांत चटका बसला होता.

आपल्याकडे तोवर घरातच रेडिओ दुर्मिळ होता. त्याला सरकारी लायसन लागे. पोस्टात जाऊन वर्षाची फी भरायची आणि पुस्तकावर शिक्का घ्यायचा. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. वडिलांच्या ट्रंकेत असलं एक पुस्तक मला सापडलं. त्यातले शिक्के इतक्या नियमानं मारलेले आहेत, की आमच्या शाखेतल्या कर्जदारांना नमुना म्हणून दाखवावेत.

गाणं घराबाहेर काढलं ते ट्रान्झिस्टरनं. १९४७ साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला, आणि काही वर्षांत रेडिओ कपाटाएवढा होता तो पिशवीएवढा झाला. मग सायकलच्या दांडीला कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर अडकवून विविध भारती ऐकत लोक मळ्यात जाऊ लागले. इथेही जोडणी मालकाचीच. एक पट्टा, एक गाठ आणि आतले सेल. वाहनाच्या पोटात हात घालायचं कारणच नव्हतं.

ते कारण आलं टेपबरोबर. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट काढली, आणि आमच्या लहानपणापर्यंत ती ट्रॅक्टरवर पोचली होती. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर कारखान्याकडे चालत, आणि प्रल्हाद शिंद्यांचा आवाज दोन फर्लांगांवरून आधी पोचे, ट्रॅक्टर मागाहून. फटफट्या मात्र मुक्या. तेव्हा मला याचं फार कोडं वाटे. एस्कॉर्ट कंपनी ट्रॅक्टर बनवी, राजदूतही तीच बनवी. मग एका आईचं एक लेकरू गातं आणि दुसरं का नाही?

याचं उत्तर होतं व्होल्टेज. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची, मोटारीचा टेपही १२ व्होल्टचा. दोघांची पत्रिका जुळे. राजदूत आणि जावा मात्र ६ व्होल्टवर चालत. त्या बॅटरीवर टेप लावला तर गायक गाऐवजी कण्हायचा, आणि हेडलाइट लावला की तेही बंद. मग लोक उपाय काढत. कुणी सेलवरचा टेप डिकीच्या पेटीत ठेवून झाकणाला भोकं पाडी. कुणी दुधाच्या कॅनशेजारी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी बांधून हिंडे. तेव्हा दूध कोणतं नि ॲसिड कोणतं, हे गिऱ्हाइकाला देवच सांगो.

परदेशात ही अडचण कंपन्यांनीच सोडवली होती. होंडाची गोल्डविंग १९८० साली 'इंटरस्टेट' या रूपात आली, तेव्हा तिच्यासाठी कंपनीनंच रेडिओची सोय ठेवली होती. आमच्याकडे कंपनी म्हणजे मिस्त्री.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे एक टेबल, एक कैया आणि आतडी बाहेर काढलेले दहा-बारा रेडिओ. ट्रॅक्टरवर टेप बसवायला आलेल्या माणसाला ते आधी बॅटरीपाशी नेत. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात पहिली वस्तू बसे ती फ्यूज. टेप, स्पीकर, बटण सगळं त्यानंतर. एकदा वडिलांच्या ओळखीच्या एका बागाइतदारानं बिलावरून हुज्जत घातली. म्हणाला, "मिस्त्री, चार वायरी जोडल्या, त्याचे एवढे?"

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "अण्णा, फ्यूजचे पैसे नाय लावले. त्यो माझा माणूस ठेवलाय तुमच्या गाडीवर. काय इपरीत झालं तर आधी त्यो मरंल, मग ट्रॅक्टर."

कॉमर्स पदवीधर होऊन बँकेत चिकटल्यावर मला कळलं, की मिस्त्रींनी जामीनदाराची व्याख्या सांगितली होती. आमचे जामीनदार मात्र त्या व्याख्येत बसत नाहीत. कर्ज थकलं की ते आधी गावाला जातात.

पुढे फटफट्याही १२ व्होल्टच्या झाल्या, आणि आमच्या घरात हा इतिहास परवा जिन्यापर्यंत आला. पुतण्यानं नवी मोटरसायकल घेतली, आणि घुंगुरमाळेची हौस रक्तात असल्यामुळे तिच्यावर स्पीकर हवेत असं ठरवलं. आम्ही दोघं एका डीलरकडे गेलो. एसीतल्या मुलानं कॉम्प्युटरवरून कागद काढून दिला. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर ४२०० रुपये, फिटिंग १२०० रुपये, कन्झ्युमेबल्स ३५० रुपये. एकूण ५७५०. तसाच संच बाहेर २९०० ला मिळत होता.

"कन्झ्युमेबल्स म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"टेप, टाय वगैरे, सर."

"आणि फ्यूज?"

"ते टेक्निशियन बघतात, सर."

आता हिशेब मांडू. डीलरकडे २८५० रुपये जास्त जातात. त्या बदल्यात काय मिळतं? वायर जोडणं मिळतं, पण ते दोन तासांचं काम. खरी वस्तू मिळायला हवी ती जामीन. उद्या गाडी सुरू झाली नाही, तर 'स्पीकर बसवलेत, वॉरंटी गेली' असं ऐकून घ्यायला लागू नये, याचे ते पैसे. गाडीची किंमत लाखात, आणि मूळ वायरिंग कापलेलं दिसलं की त्या भागाची वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं. तेव्हा स्पीकर कंपनीच्या यादीतला असेल, बिलावर त्याचा नंबर असेल, बसवल्याची नोंद सर्व्हिस बुकात होणार असेल, तर जास्तीचे पैसे द्यावेत. मी स्वतः देईन. म्हणून मी नम्रपणे विचारलं, "हे बसवल्यावर गाडीची वॉरंटी राहील, एवढं बिलावर लिहून द्याल?"

"तोंडी सांगतो ना, सर. राहते. लिहायला सिस्टिममध्ये ऑप्शन नाही."

तोंडी जामीन मी आजवर कुणाचा घेतलेला नाही. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही इथंही कर्जच मंजूर करायला आला होता का?"

मिस्त्रींचं दुकान आता राहिलेलं नाही, तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. तेव्हा रविवारी अंगणात आम्हीच बसलो. खोक्यावर '६०० वॅट' असं छापलं होतं. १२ व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर. गाडीची बॅटरी ५ अँपिअर-अवरची, म्हणजे सहा मिनिटांत तिचं दिवाळं. आत खरे वीस-एक वॅट होते, तेच बरं. त्याला दोन अँपिअरच्या आत वीज पुरते, म्हणून फ्यूज ३ अँपिअरचा घेतला. तो पहिला, बॅटरीपाशी, वीतभर अंतरात. मग रिले. चावी काढली की स्पीकरची वीज तुटली पाहिजे, नाहीतर रात्रभरात बॅटरीचा मिनिमम बॅलन्स जातो आणि सकाळी किका मारत बसावं लागतं. मूळ वायर एकही कापली नाही. सांधे नुसते पिळले नाहीत, कारण फटफटीच्या थरथरीनं पिळलेला सांधा महिनाभरात सैल होतो. कैयानं डाग दिला, वर नळी चढवली. अर्थिंगसाठी रंग खरवडून नागडं लोखंड काढलं. शेवटी हँडल दोन्हीकडे पुरतं वळवून पाहिलं, की कुठली वायर ताणत तर नाही ना.

दुपारचे तीन तास गेले. माझ्या वेळेची किंमत हिशेबात धरली नाही, अशी टीका घरातून झाली. तिला उत्तर असं, की रविवार दुपारच्या झोपेला बाजारभाव नाही. पुतण्याला मात्र मी दोन अटी घातल्या. गावातून जाताना मागच्याचा हॉर्न ऐकू येईल एवढाच आवाज, आणि रात्री दहानंतर बंद. सार्वजनिक जागी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा नको, हा नियम सरकारनं २००० सालीच केला आहे. त्या वेळात उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना तो कुणी वाचून दाखवत नाही, ही गोष्ट वेगळी.

पहिला मोठा पाऊस झाला त्या दिवशी पुतण्या राहुरीहून भिजत आला. गाडी ठणठणीत, हेडलाइट चालू, स्पीकर गप्प. सीट उघडून पाहिलं. स्पीकरमध्ये पाणी शिरलं होतं आणि फ्यूज जळाला होता. बाकी एका वायरीलाही धग लागली नव्हती. स्पीकर दोन दिवस उन्हात वाळवला आणि दहा रुपयांचा नवा फ्यूज घातला.

जळालेला फ्यूज मी फेकला नाही. बँकेतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. एकही नोटीस न पाठवता, वेळेवर आणि पूर्ण रक्कम भरलेला एवढा एकच जामीनदार माझ्या उभ्या नोकरीत मला भेटला आहे.