दूरदर्शन मालिकांच्या हरवलेल्या भागांचा शोध

पुसल्या गेलेल्या वा गहाळ झालेल्या जुन्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या प्रती हुडकण्याचे काम. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या काळी चित्रफीत महाग होती. एकच फीत पुसून पुन्हा वापरली जाई. काटकसर समजण्याजोगी होती, हानी मात्र भरून न येणारी. चिं. वि. जोशींच्या कथांवरील, दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या ‘चिमणराव’चे मोजकेच भाग आज पाहायला मिळतात. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’ या मालिकेचेही असेच झाले, त्याचे 9 भाग 2013 मध्ये नायजेरियातून परत मिळाल्याचे जाहीर झाले.

नागपुरात दूरचित्रवाणी ऐंशीच्या दशकात आली. त्यामुळे येथे शोध घ्यायचा तो मुख्यतः त्यानंतरच्या मालिकांचा, घरोघरच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये. लग्नाच्या चित्रीकरणानंतर उरलेल्या फितीवर मालिकेचा अर्धा भाग शिल्लक असू शकतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात माळ्यावरची फीत चिकटते, चुंबकीय थर सुटतो; ओलीने बुरशी चढते. अशी कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घालू नये, आधी जाणकाराकडून तपासून घ्यावी.