घरच्या बागेतली उन्हाळी भाजी: पेरायची कधी, तोडायची कधी?

पंचांगातला वसंत ऋतू चैत्र-वैशाखात येतो, पण महाराष्ट्रात तोवर ऊन कडक झालेले असते. म्हणून उन्हाळी भाजीचे बी त्याआधीच, जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत पेरले जाते. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका आणि दुधी या हंगामातल्या नेहमीच्या भाज्या.

कुंडी, बी आणि पाणी

भेंडी-गवारीला साधारण १२ इंच खोल कुंडी पुरते. वेलांना मोठी कुंडी आणि चढायला जाळी किंवा मांडव लागतो. भेंडीचे बी रात्रभर भिजवले की लवकर रुजते. पाणी सकाळी द्यावे आणि मातीवर वाळलेला पाला पसरावा, म्हणजे ओल टिकते.

वेलाला फुले येतात, फळ का धरत नाही?

काकडी, दोडका, दुधी यांच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगळी असतात. सुरुवातीला बहुतेक नर फुलेच येतात. ती गळणे स्वाभाविक आहे. मादी फुलाच्या पाकळ्यांमागे इवलेसे फळ दिसते. ते पिवळे पडून गळत असेल, तर बहुतेक वेळा परागकण पोहोचलेले नसतात. उंच मजल्यावरच्या बाल्कनीत मधमाश्या कमी येतात. अशा वेळी ताजे नर फूल तोडून त्याचा पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवावा. काकडीसाठी हे काम सकाळी करावे. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे त्यांच्यासाठी संध्याकाळ योग्य.

तोडणी का लांबवू नये?

भेंडी पेरणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी तोडायला येते. त्यानंतर ती दिवसाआड तोडावी लागते. शेंगेचे टोक सहज मोडले तर ती कोवळी. शेंगा झाडावरच जून झाल्या, की झाडाची ताकद बी पक्के करण्यात जाते आणि नवी फुले कमी येतात. म्हणजे तोडणी चुकली तर एक शेंग वाया जाते आणि पुढचे पीकही घटते. गवार आणि काकडीचेही तसेच. कोवळ्या दुधीत नख सहज रुतते. फळ ओढून न काढता देठासह कात्रीने कापावे.

कडू दुधी खाऊ नये

दुधी, काकडी, दोडक्यातला कडूपणा कुकुर्बिटासिन या घटकामुळे येतो. पाण्याचा ताण आणि उष्णता यांमुळे तो वाढू शकतो. कडू दुधीच्या रसाने गंभीर विषबाधा होऊन मृत्यू झाल्याच्या घटना भारतात घडल्या आहेत. शिजवल्याने हा धोका जात नाही. त्यामुळे दुधी चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागला, तर थुंकून अख्खे फळ टाकून द्यावे.