काठीतला पीळ कुणाचा?

काठीच्या आकाराचा जीवाणू काठीसारखाच का राहतो, हे शोधता शोधता मी एका जेलीफिशपाशी जाऊन पोचलो.

‘बॅक्टेरियम’ हे नाव एरेनबर्ग यांनी 1828मध्ये ग्रीकमधल्या छोट्या काठीवरून ठेवलं; ‘बॅसिलस’ही लॅटिनमधली काठीच. 1987मध्ये जपानच्या वाची, मात्सुहाशी आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायचे काही उत्परिवर्तित प्रकार वेगळे काढले. ते काठीपण सोडून गोल होत. जबाबदार जनुकांना त्यांनी नाव दिलं ‘एमआरई’, जीवाणूच्या भिंतीचं द्रव्य जे म्युरीन, त्यावरून. म्युरीन आलं लॅटिन ‘मुरुस’वरून, म्हणजे पुन्हा भिंतच. हे नाव लक्षात असू द्या.

कारण पुढे भिंत मागे पडली आणि स्नायू आला. 1992मध्ये बोर्क, सँडर आणि व्हॅलेन्सिया यांनी भाकीत केलं की एमआरई-बी हे प्रथिन आपल्या स्नायूतल्या ॲक्टिनच्या भाऊबंदांपैकी असावं. 2001मध्ये केंब्रिजला त्याची रचना उलगडली आणि नातं पक्कं झालं. त्याच वर्षी एरिंग्टन यांच्या गटाने ऑक्सफर्डमध्ये बॅसिलस सबटिलिसच्या आत, पटलालगत मळसूत्रासारखे फिरलेले तंतू दाखवले. झालं! आत स्प्रिंग, म्हणून काठी. चित्र इतकं देखणं की मीही ते वर्षानुवर्षं लोकांना रंगवून सांगितलं.

जेलीफिश इथेच येते. शिमोमुरा यांनी 1962मध्ये ईक्वोरिया या जेलीफिशमधून चमकणारं हिरवं प्रथिन वेगळं केल्याची नोंद केली. त्यात फेरफार करून पिवळा दिवा बनला. हवं ते प्रथिन पाहायचं, तर हा उसना दिवा त्याच्या शेपटाला किंवा डोक्याला बांधायचा. ई. कोलायमधलं गाजलेलं मळसूत्र असंच, डोक्याला पिवळा दिवा बांधून दिसलेलं. 2011मध्ये स्वुलियस, जेन्सन आणि सहकाऱ्यांनी दंडाकार जीवाणू क्षणात गोठवून, दिव्याशिवाय, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले. लांब मळसूत्र कुठेच नाही. 2012मध्ये त्या दोघांनी निकालच दिला: ई. कोलायमधला तो पीळ दिव्याने घातलेला होता.

माझा तर्क असा. ई. कोलायचं एमआरई-बी पटलाला चिकटतं ते नेमकं डोक्याकडच्या टोकाने. तिथेच दिव्याचं ओझं लादलं, तर दोरा भलतीकडे वळणारच. प्रतिपक्ष म्हणतो, दोष प्रकाशाचा. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. जेमतेम एक मायक्रोमीटर जाडीच्या पेशीत तुटक तुकडे सलग भासायला वेळ लागत नाही. बॅसिलसच्या बाबतीत हे मला मान्य करावं लागेल. ई. कोलायपुरता मी दिव्यावर अडून आहे. तरी कल्पनेचं म्हणाल, तर सुंभ जळला तरी पीळ जाईना. स्प्रिंगवाली आकृती अजून भेटते.

मग हे तंतू करतात काय? 2011मध्येच तीन गटांनी पाहिलं, की एमआरई-बीचे आखूड तुकडे पेशीच्या लांबीला काटकोनात, घेराभोवती सरकतात. आणि भिंत बांधणं थांबवणारं प्रतिजैविक दिलं, की तेही जागीच थांबतात. म्हणजे ॲक्टिनचा हा भाऊ स्नायूसारखा ओढत नाही. भिंत बांधणारी यंत्रणाच त्याला फरफटत नेते! त्याचा स्वभाव एवढाच, की पटल जिकडे जास्त वाकलेलं तिकडे आडवं पडायचं. काठीत ती दिशा घेराची. त्यामुळे नवी भिंत पिंपाच्या कड्यांसारखी गोल बसते, पेशी जाड न होता लांबते. 1987च्या नावातली भिंत बरोबर निघाली. स्नायूची ओळख खरी, पण भलत्या वाटेला लावणारी.

कौलोबॅक्टर या वळलेल्या जीवाणूचा कोयरीसारखा आकार मात्र दुसऱ्या तंतूची करणी: आतल्या वळणाला लागून असलेलं क्रेसेंटिन काढलं की तो सरळ होतो.

राहता राहिला कॉखने 1882मध्ये दाखवलेला क्षयाचा जंतू. तोही काठीच, पण त्याच्याकडे एमआरई-बी मुळातच नाही. तो घेरातून वाढतच नाही, दोन टोकांकडून वाढतो.