बेसच्या तारेची दुसरी गुंडाळी

कोटेड तारांचा सेट चढवून काही महिने झाले, की बेस गिटारवर जिथे उजव्या हाताची बोटे पडतात तिथे पांढरी लव दिसू लागते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, तार उसवली. खरे तर तार शाबूत असते, झिजत असते ते तिच्यावरचे आवरण. एलिक्सर ब्रँडच्या तारेवरची ही लव ज्या पदार्थाची असते, त्याचाच पातळ पापुद्रा गोअर-टेक्सच्या रेनकोटात अनेक वर्षे वापरला गेला. शस्त्रक्रियेत बसवायच्या कृत्रिम रक्तवाहिन्या आणि दातांच्या फटी साफ करायचा दोराही त्यापासून बनतो. पदार्थ एकच, ताणून सच्छिद्र केलेले टेफ्लॉन.

ते गिटारपर्यंत कसे पोचले, याची रूढ गोष्ट सायकलची आहे. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ येथे डब्ल्यू. एल. गोअर कंपनीचा कारखाना आहे. तिथला अभियंता डेव्ह मायर्स याने आपल्या माउंटन बाइकच्या गिअरच्या केबलवर हे आवरण चढवले. केबलीत माती जाईना, गिअर सरसर पडू लागले. मग त्याला गिटारची तार सुचली. तो स्वतः गिटार वाजवणारा नव्हता, म्हणून त्याने चक हेबेस्ट्राइट या गिटार वाजवणाऱ्या सहकाऱ्याला सोबत घेतले. १९९७ मध्ये एलिक्सर तारा बाजारात आल्या.

गोष्ट खरी आहे, पण ती मधल्या मुक्कामापासून सुरू होते. बेसच्या तारेचे कूळ शोधायचे, तर सायकल बाजूला ठेवून सतराव्या शतकातल्या लंडनला जावे लागते. या तारेचा सगळा इतिहास गुंडाळण्याचा आहे. एका गुंडाळीने खर्ज शक्य केला आणि त्याबरोबरच तारेवर खाचा आल्या. त्या खाचा झाकायला तीनशेहून अधिक वर्षांनी दुसरी गुंडाळी आली.

मुळात गुंडाळायचे कशाला? बेस गिटारचा सर्वांत खालचा ई म्हणजे सेकंदाला सुमारे ४१ कंपने. स्वर उतरवायचा तर तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. लांबीला हाताची मर्यादा आहे. प्रचलित बेसवर ती ३४ इंच असते. सैल तार फडफडते. राहिला जडपणा. पण ०.१०५ इंच जाडीची ई तार एकसंध पोलादाची केली, तर ती सळईसारखी ताठ होईल आणि तिचे वरचे स्वरांश मूळ स्वराशी जुळणारच नाहीत. म्हणून गाभा बारीक ठेवायचा आणि वजन त्याच्याभोवती गुंडाळून वाढवायचे. वजन मिळते, लवचिकपणाही राहतो.

ही युक्ती पहिल्यांदा कोणाची, यावर वाद आहे. फ्रान्सकडून नाव येते सेंत-कोलोंब या व्हायोलवादकाचे. ज्यां रूसो याने १६८७ च्या आपल्या व्हायोलवरील ग्रंथात, चांदीची तार गुंडाळलेल्या तातींचे श्रेय त्याला दिले आहे. हे नाव इतके देखणे आणि गूढ आहे, की अनेकांनी शोधाचा मानही त्यालाच देऊन टाकला. पण रूसोचे म्हणणे नीट वाचले तर ते एवढेच आहे, की या ताती फ्रान्समध्ये वापरात त्याने आणल्या. वापरात आणणे वेगळे आणि शोधून काढणे वेगळे.

शिवाय लंडनची नोंद रूसोच्या ग्रंथाच्या २८ वर्षे आधीची आहे. सॅम्युएल हार्टलिब हा तिथला विलक्षण उद्योगी टिपणकार. नवे यंत्र, नवे खत, नवे औषध, जे कानावर येईल ते तो वहीत उतरवत असे. १६५९ च्या टिपणांत त्याने लिहून ठेवले आहे, की गोरेट्स्की नावाच्या माणसाने ल्यूटच्या तातींवर चांदीची तार चढवण्याची युक्ती काढली असून त्यातून फार सुरेख संगीत निघते. तिथे मिस्टर बॉइल, म्हणजे बहुधा शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल, यांचे नावही टिपलेले आहे. गोरेट्स्की हे आडनाव पोलिश वळणाचे आहे. गोअर आणि गोरेट्स्की ही नावे जुळतात तो निव्वळ योगायोग, पण या विषयात रमलेल्या माणसाला तो सुखावून जातो.

पाच वर्षांनी, १६६४ मध्ये, लंडनचा संगीत-प्रकाशक जॉन प्लेफर्ड याने अशा ताती विकत मिळतील अशी जाहिरातच छापली. तिच्यातला एक तपशील या सगळ्या कुळकथेचा कणा आहे. बारीक तार आतड्याच्या तातीवर किंवा रेशमावर चढवली आहे, असे प्लेफर्ड सांगतो, आणि चढवण्याच्या क्रियेला शब्द वापरतो ‘गिम्प’. हा वाद्यकारांचा शब्द नव्हे. तो गोटाकिनार करणाऱ्यांचा आहे. रेशमाच्या किंवा सुताच्या दोऱ्यावर सोन्याचांदीची तार घट्ट फिरवून अंगरख्यांची किनार करायची, तिला गिम्प म्हणत. आपल्याकडे कलाबतू बनते ती याच पद्धतीने: आत रेशीम, बाहेर चपटी केलेली चांदीची तार. पैठणीच्या पदरातली अस्सल जर म्हणजे तेच.

तेव्हा गोरेट्स्कीची युक्ती आकाशातून पडली नसावी. लंडनमध्ये जरीकाम करणाऱ्यांकडे दोऱ्यावर धातू चढवण्याची चाकेही होती आणि सवयीचे हातही. कोणीतरी त्या चाकावर सुताऐवजी तात लावली असणार. प्लेफर्डने रेशमी गाभ्याचा उल्लेख करावा, हे या तर्काला मोठेच बळ आहे. रेशीम हा जरीवाल्यांचा नेहमीचा गाभा, वाद्यकारांचा गाभा तात.

या मताला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे. इटलीतला तात-कारागीर आणि संशोधक मिम्मो पेरुफ्फो याचे म्हणणे असे, की तार गुंडाळण्याच्या आधीही खर्जाच्या ताती जड केल्या जात, पण धातूच्या क्षारांत मुरवून. जुन्या चित्रांतल्या खर्जाच्या ताती तांबूस-तपकिरी दिसतात आणि जुन्या ल्यूटच्या ब्रिजवरची भोके फार बारीक आहेत, हा त्याचा पुरावा. तो मान्य केला तरी जरीचा सिद्धांत मोडत नाही. मुरवणे ही रंगाऱ्याची विद्या, गुंडाळणे ही जरीवाल्याची. टिकली ती दुसरी, कारण तिने वजन कितीही वाढवता येते.

पुढचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. ताती गेल्या, पोलाद आले. १९५१ मध्ये लिओ फेंडरने प्रिसिजन बेस काढला. त्या काळच्या बेसवर फ्लॅटवाउंड तारा असत: गुंडाळलेली तार चपट्या पट्टीची, पृष्ठभाग गुळगुळीत, आवाज गोल आणि मऊ. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन तार तुटल्याखेरीज बदलतच नसे. त्याला हवा असलेला आवाज जुन्या तारेतच होता.

उलटे टोक लंडनमध्ये होते. ‘द हू’ या रॉक बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल याला पियानोसारखी झणझणीत तार हवी होती. १९६५ मध्ये ‘माय जनरेशन’ ध्वनिमुद्रित होताना तो डॅनइलेक्ट्रो बेस वाजवत होता. त्या बेसची तार तुटली की सुटी तार मिळत नसे, म्हणून तो दुसरा बेस विकत आणी. शेवटी त्याने नाद सोडला आणि फेंडरवर काम उरकले. पुढच्या वर्षी तो तारा बनवणाऱ्या रोटोसाउंड कंपनीच्या जेम्स हाउकडे गेला. ‘द थर्ड मॅन’ या चित्रपटातले अँटन काराचे झिदर ऐकून हाउ त्या वाद्याच्या नादी लागला होता, आणि झिदरच्या तारा मिळेनात म्हणून त्याने तारा गुंडाळायचे यंत्रच बनवले होते. एन्टविसलच्या कानाला पटेपर्यंत जाड तारा पुन्हा पुन्हा गुंडाळल्या गेल्या आणि त्यातून आधुनिक राउंडवाउंड बेस तार ठरली. गोल तारेची गुंडाळी, लखलखीत आवाज.

आणि खाचा. गोल तारेचे वेढे शेजारी शेजारी बसले की दर दोन वेढ्यांमध्ये एक घळ राहते. तिच्यात घाम, तेल आणि कातडीचा चुरा साठतो. तारेचे वजन जागोजाग असमान होते, वरचे स्वरांश दबतात आणि तार ‘मरते’. काही जण म्हणतात, तार मरते ती धातू थकल्यामुळे. पण बेसवादकांची जुनी युक्ती याला उत्तर देते. मेलेली तार उतरवून पाण्यात उकळली, तर ती पुन्हा खणखणते. थकलेला धातू उकळून ताजा होत नाही, मळ मात्र निघतो. उकळलेली तार फार दिवस टिकत नाही, हेही खरे. गंज आणि फ्रेटचे, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचे, घाव उकळून जात नाहीत. पण मुख्य आरोपी मळच. मुंबईच्या किंवा गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत गंज त्याच्या जोडीला लवकर येतो.

खाचा झाकण्याचा पहिला मान काही जण काळ्या नायलॉनच्या टेपवाउंड तारांना देतात. तो दावा टिकत नाही. तिथे नायलॉनची पट्टी आवाज मऊ करण्यासाठी गुंडाळलेली असते. लखलखाट जपणे हा तिचा हेतूच नव्हता.

आता गोअर. रॉय प्लंकेट याच्या हाती ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत ६ एप्रिल १९३८ रोजी टेफ्लॉन अपघातानेच लागले. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या बिल गोअरने पत्नी व्हीव्ह हिच्यासह १९५८ मध्ये डेलावेअरमधल्या नेवार्क गावी घराच्या तळघरात धंदा सुरू केला. माल कोणता? टेफ्लॉनचे आवरण असलेल्या विजेच्या तारा. म्हणजे धातूच्या तारेला टेफ्लॉनमध्ये लपेटणे हा या कंपनीचा पहिला उद्योग. सायकलच्या केबलला आवरण हवे असते ते मुख्यतः घर्षण कमी करायला. वाद्याच्या तारेला हवे असते ते आतले आत आणि बाहेरचे बाहेर ठेवायला, अगदी विजेच्या तारेसारखे. काही कोटेड तारांवर याचा रोकडा प्रत्यय येतो. उघड्या तारेला बोट लावले की अँपची गुणगुण कमी होते, आवरण असले की ती तशी कमी होत नाही. तारेचे आवरण तिथे अक्षरशः विद्युतरोधक ठरते.

मधे एक दुवा मात्र हवाच होता. १९५८ चे घट्ट टेफ्लॉन वाद्याच्या तारेचा आवाज दाबून टाकील. बिलचा मुलगा बॉब गोअर याने ऑक्टोबर १९६९ मध्ये तापवलेली टेफ्लॉनची कांडी सावकाश ताणण्याऐवजी एकदम हिसडली. ती सुमारे ८०० टक्के लांबली आणि आत हवेची असंख्य सूक्ष्म छिद्रे झाली. एवढे हलके आवरणच तारेला पेलते. मायर्स आणि हेबेस्ट्राइट यांना १९९९ मध्ये मिळालेल्या पेटंटचा गाभा हाच आहे: सच्छिद्र टेफ्लॉनचे आवरण सबंध तारेवर, खाचांसकट.

इतरांनी वेगळी वाट घेतली. गुंडाळायच्या तारेलाच आधी लेप द्यायचा आणि मग ती गाभ्यावर फिरवायची. अशा तारेला लव सुटत नाही, पण खाचा उघड्याच राहतात. आणि बेसवादक जेको पास्तोरियसने तर उलटेच केले होते. फ्रेट नसलेल्या त्याच्या बेसची लाकडी पट्टी राउंडवाउंड तारा कुरतडत, तेव्हा त्याने तारेऐवजी लाकडावरच बोटींना लावतात तो इपॉक्सी लेप चढवला.

एलिक्सरचा दावा आहे, की तार साध्या तारेच्या तीन ते पाच पट टिकते. मळापुरता तो पटण्यासारखा आहे. फ्रेटच्या घावापुरता नाही, कारण धातूवर धातू दाबला जातो तिथे एवढे पातळ आवरण काहीच अडवत नाही. म्हणून लव दिसली एवढ्यावर सेट बदलू नका. तारेच्या खालच्या अंगाने नख फिरवा. फ्रेटांच्या जागी खळगे लागले, किंवा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर पूर्वी जुळत असून आता जुळेनासे झाले, तर तारेचे दिवस भरले. नवी तार चढवताना जास्तीचे टोक कापण्याआधी ते काटकोनात वाकवून घ्या. तसे न करता कापले, तर गुंडाळी गाभ्यावरून सुटू शकते आणि कोरी तार पहिल्याच दिवशी मरू शकते.