पोतोसी

पोतोसी : बोलिव्हियाच्या दक्षिण भागातले, सुमारे ४,००० मीटर उंचीवरचे खाणशहर. १५४५ मध्ये दिएगो वाल्पा या स्थानिक आदिवासी माणसाला इथल्या डोंगरात चांदी सापडली आणि शेतीला निरुपयोगी अशा गारठलेल्या माळावर बघता बघता शहर उभे राहिले. दोन वर्षांत सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याला ‘शाही नगरी’ हा मान दिला. सतराव्या शतकाच्या आरंभी वस्ती दीड लाखाच्या घरात गेली होती. डोंगराचे नावच पडले ‘सेरो रिको’, श्रीमंत डोंगर.

खाणी स्पॅनिश मालकांच्या असल्या, तरी सुरुवातीला चांदी वितळवण्याचे कसब स्थानिकांकडेच होते. वाऱ्यावर पेटणाऱ्या त्यांच्या मातीच्या लहान भट्ट्या उतारांवर रात्रभर धगधगत. त्या काळात चांदीसाठी मालकांनाच या कारागिरांवर अवलंबून राहावे लागे.

वरच्या थरातले कसदार खनिज संपले आणि हे चित्र पालटले. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात पाऱ्याच्या साहाय्याने हलक्या खनिजातूनही चांदी काढण्याची पद्धत इथे रुजवली. पारा वांकावेलिकाच्या खाणीतून येई. खनिज दळणाऱ्या पाणचक्क्यांसाठी डोंगरांत तलाव बांधले गेले. मजुरांची सोय करताना तोलेदोने इंका राज्यातली ‘मिता’ ही पाळीपाळीने श्रम देण्याची रीत उचलली. तिचा मूळचा परस्पर देवाणघेवाणीचा गाभा मात्र टाकून दिला आणि तिची निव्वळ वेठ केली. सोळा प्रांतांतल्या दर सात पुरुषांमागे एकाने वर्षभर पोतोसीला जायचे, असा हिशेब होता. वर्षाला साधारण साडेतेरा हजार माणसे. शेकडो किलोमीटर चालत, बायकामुले आणि लामांचे कळप घेऊन ती येत. एक आठवडा सक्तीचा आणि दोन मोकळे, असा नियम होता. पण मितेच्या मजुरीत भागत नसल्याने मोकळे आठवडेही रोजंदारीवरच जात. ज्यांना जमे ते पैसे भरून सुटत, आणि कित्येक मालक ती रक्कम बदली मजुरांवर न खर्चता सरळ खिशात घालत. बाकीचे गावच सोडून पळत. त्यांचा वाटा मग मागे उरलेल्यांवर पडे.

तरीही डोंगर पूर्णपणे मालकांच्या ताब्यात कधीच नव्हता. अठराव्या शतकात ‘काख्चा’ म्हणवणारे लोक शनिवारी रात्री खाणींत शिरत, सोमवार उजाडेपर्यंत खनिज काढत आणि आपल्या छोट्या घाण्यांवर दळत. मालक त्यांना चोर म्हणत. ते स्वतः याला आपला हक्क समजत.

इथल्या टाकसाळीतली नाणी जगभर फिरली, पण एकदा त्यांची पत साफ गेली. १६४० च्या दशकात टाकसाळीत चांदीत तांबे मिसळले जात असल्याचे उघड झाले. फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा या बड्या व्यापाऱ्याला १६५० मध्ये त्यापायी देहदंड झाला, आणि युरोपातले सराफ इथली नाणी नाकारू लागले. अमेरिकेतल्या स्पॅनिश खाणींची चांदी सुरतेलाही पोचे; तिथे ती वितळवून मुघली रुपये पाडत.

स्पेनमधल्या काडिझच्या संसदेने १८१२ मध्ये मिता रद्द केली. १८२५ मध्ये स्वातंत्र्यलढ्याचा नेता सिमोन बोलिव्हार स्वतः डोंगरावर चढून गेला. पुढे चांदीची जागा कथिलाने घेतली. १९८७ मध्ये शहराला युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मात्र खाणकाम थांबलेले नाही आणि पोखरलेले शिखर खचत असल्याने २०१४ पासून ते धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत आहे.