सही कुठे झाली? मुंबईतील मृत्युपत्रे आणि प्रोबेटचा इतिहास

गिरगावात राहणाऱ्या एखाद्या हिंदू गृहस्थाने स्वतःच्या कमाईतून रत्नागिरीस घर बांधले आहे, असे समजा. गणपतीला गावी गेल्यावर त्याने त्या घराचे मृत्युपत्र लिहिले आणि तिथेच सही केली, तर त्याच्या मुलीला प्रोबेट घेण्याची सक्ती नव्हती. तोच मजकूर, तेच दोन साक्षीदार. पण सही गिरगावात झाली, तर प्रोबेटवाचून तो हक्क कोणत्याही न्यायालयात सिद्ध करता येत नसे.

हा भेद १८७० पासून २०२५ पर्यंत कायद्यात होता. त्यामुळे या कामात मुरलेला मुंबईचा वकील मजकूर वाचण्याआधी विचारी, सही कुठे झाली?

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे, अखेरचे आहे आणि रीतसर केलेले आहे, यावर न्यायालयाने उमटवलेली मोहर. ती मालमत्ता मुळात मृताची होती की नव्हती, हे मात्र प्रोबेट ठरवत नाही. ही मर्यादा पुढे महत्त्वाची ठरते.

धर्मशास्त्रात आजच्या अर्थाचे मृत्युपत्र नाही. एकत्र कुटुंबातील हिस्सा मागे राहिलेल्यांकडे जाई. पुत्र नसेल तर दत्तक घेतला जाई. मृत्युपत्र आले ते इंग्रजी न्यायालयांबरोबर. १७२६ च्या सनदेने मुंबईच्या मेयर्स कोर्टाला प्रोबेट देण्याचा अधिकार मिळाला. तो पुढे रेकॉर्डर्स कोर्ट, सुप्रीम कोर्ट आणि १८६२ पासून उच्च न्यायालय असा वारशानेच येत गेला.

तोवर हिंदू माणसाचे तोंडी मृत्युपत्रही ग्राह्य धरले जाई. मरणाऱ्याचे शेवटचे शब्द कोणते, यावर भाऊबंदांत काय चालत असेल, हे सांगायला नको. १ सप्टेंबर १८७० पासून लागू झालेल्या ‘हिंदू विल्स ॲक्ट’ने लेखी मृत्युपत्र, सही, दोन साक्षीदार आणि प्रोबेट हे सारे बंधनकारक केले, पण फक्त बंगाल प्रांतात आणि मद्रास व मुंबई शहरांच्या हद्दीत. कोकणात आणि देशावर तोंडी मृत्युपत्र १९२६ अखेरपर्यंत चालले. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने प्रोबेटच्या सक्तीची ही हद्द कलम ५७ व २१३ मध्ये तशीच ठेवली. मुस्लिम त्यातून वगळलेले होते. पारशी १९६२ मध्ये आत आले, भारतीय ख्रिस्ती २००२ मध्ये बाहेर पडले.

प्रोबेट मागतो तो एक्झिक्युटर, म्हणजे मृताने विश्वासाने नेमलेला माणूस. अर्जासोबत मालमत्तेची व कर्जाची यादी आणि साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र जोडायचे. मग वारसांना नोटिसा जातात. एखाद्याने कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली, की साध्या अर्जाचा दावा होतो. म्हणून जाणता वकील साक्षीदार निवडतानाच वय पाहतो : मृत्युपत्र करणाऱ्याच्या मागे तो राहील का?

विश्वासाने नेमलेल्या माणसावर काय ओढवू शकते, हे टिळकांना विचारावे. ऑगस्ट १८९७ मध्ये, राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर असताना, पुण्याचे सरदार बाबा महाराज यांनी त्यांना एक्झिक्युटरांपैकी एक नेमले. प्रोबेट मिळाले, दत्तकावरून बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज यांच्याशी वाद पेटला. १९०२ मध्ये न्यायाधीश ॲस्टन यांनी प्रोबेट रद्द करून टिळकांवरच फौजदारी खटला सुरू करवला. खोट्या साक्षीबद्दल झालेली शिक्षा १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली; दत्तकाचा दिवाणी निकाल प्रिव्ही कौन्सिलकडून लागायला १९१५ उजाडले. स्वतःच्या घरच्या मालमत्तेसाठीही कुणी इतके झगडणार नाही.

लालबाग-परळच्या कामगाराची गोष्ट निराळी. त्याच्याजवळ देण्यासारखे असे ती दहा बाय बाराची खोली, आणि ती भाड्याची. १९४७ च्या भाडेकायद्यानुसार भाडेकरू वारल्यावर खोली त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जाई. पण ती मृत्युपत्राने भाच्याला किंवा गावच्या भावाला देता येते का? सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट ‘नाही’ म्हटले. भाडेकरूपणा ही मृत्युपत्राने वाटायची वस्तू नव्हे. चाळींच्या कपाटांत जपून ठेवलेली कितीतरी मृत्युपत्रे त्या खोलीपुरती नुसते कागद ठरली असतील. वकिलाचा दुसरा प्रश्न इथून येतो : जे देता आहात, ते तुमचे आहे का?

पुनर्विकासाने या प्रश्नाचे उत्तर बदलले. भाडेकरूला मालकी हक्काचे घर मिळू लागले आणि मृत्युपत्राला प्रथमच अर्थ आला. सोबत प्रोबेटची सक्तीही आली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या रहिवाशांना मालकीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चारच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, संसदेने कलम २१३ वगळले.

प्रोबेट ऐच्छिक झाले, संपले नाही. मृत्युपत्राच्या खरेपणावर भावंडांत वाद उठला, तर आजही न्यायालयाची तीच मोहर मागता येते, आणि साक्षीदार हयात आहे का, हे तेव्हाही विचारले जाते.