वहीचे पान केवढे असावे?

व्यापाराच्या इतिहासात नाण्याइतकेच महत्त्व वहीला आहे. नाणे हातोहात फिरते. परंतु कोणाचे कोणाकडे किती येणे आहे, हे वहीच सांगते, आणि वही ज्याच्या पेढीवर असते त्याच्या शब्दाला वजन येते. सराफ असो, सावकार असो की बँक असो, त्यांचे सामर्थ्य बऱ्याच अंशी वही राखण्याच्या अधिकारात साठवलेले असते. हा अधिकार कोणा एकाच्या स्वाधीन न करता सर्वांना वाटून दिला तर काय होईल? एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न एका प्रयोगाच्या रूपाने जगापुढे आला. त्या प्रयोगाचे नाव बिटकॉइन.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने एका अज्ञात लेखकाने नऊ पानांचा एक निबंध प्रसृत केला. मध्यस्थांमुळे देवघेवीचा खर्च वाढतो आणि लहानसहान रकमांची देणी परवडेनाशी होतात, ही त्यातील एक मुख्य तक्रार होती. त्यावर सुचवलेला उपाय असा, की सर्व व्यवहारांची एकच वही असावी, तिची प्रत ज्याला हवी त्याने आपल्या संगणकावर ठेवावी आणि प्रत्येक नोंद स्वतः पारखून घ्यावी. सुमारे दर दहा मिनिटांनी या वहीला नवे पान जोडले जाते. त्या पानाला ‘ब्लॉक’ आणि पानांच्या मालिकेला ‘ब्लॉकचेन’ म्हणतात. पहिले पान ३ जानेवारी २००९ या तारखेचे आहे.

२०१० मध्ये नाकामोतोनेच पानाला एक मेगाबाइटची मर्यादा घातली. रद्दी नोंदींनी वही फुगू नये, हा त्यामागचा हेतू असल्याचे सामान्यतः मानले जाते. २०११ मध्ये नाकामोतो दृष्टीआड झाला. मर्यादा मात्र राहिली. तिच्यामुळे सेकंदाला फार तर सातच्या आसपास व्यवहार नोंदता येत. मोठ्या कार्ड कंपन्यांच्या यंत्रणा सेकंदाला हजारो व्यवहार हाताळतात, हे लक्षात घेतले म्हणजे अडचण ध्यानात येते. गर्दी वाढली की जो अधिक शुल्क देईल त्याची नोंद आधी, असा लिलाव सुरू होई. ज्या लहान व्यवहारांसाठी हा खटाटोप होता, तेच मागे पडू लागले.

यावर पहिला उपाय सरळ होता: पान मोठे करावे. गॅव्हिन अँड्रेसन आणि माइक हर्न या दोघा जाणत्या कार्यकर्त्यांनी २०१५ मध्ये आठ मेगाबाइटच्या पानाचा आणि पुढे दर दोन वर्षांनी ते दुप्पट करण्याचा आग्रह धरला. विरोधकांचे म्हणणेही तितकेच तर्कशुद्ध होते. वही अवजड झाली, तर तिची प्रत ठेवणे सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेर जाईल. प्रती मूठभर धनिकांच्या हाती उरतील, आणि ज्या सराफाला दूर सारायचे तोच मागील दाराने परत येईल. वाद वरवर पाहता वेगाचा होता. खरा प्रश्न वही तपासण्याचा अधिकार कोणाकडे राहणार, हा होता. जानेवारी २०१६ मध्ये हर्न यांनी प्रयोग फसल्याचे जाहीर करून त्यातून अंग काढून घेतले.

दरम्यान, डिसेंबर २०१५ मध्ये हाँगकाँग येथील परिषदेत पीटर व्युइले यांनी तिसरा मार्ग मांडला होता. प्रत्येक नोंदीत बरीच जागा सह्या व्यापतात. त्या सह्या वेगळ्या काढून त्यांचे वजन कमी धरावे, म्हणजे जुन्या प्रती रद्द न होता पानात अधिक नोंदी मावतील. या सुधारणेला ‘सेगविट’ हे नाव पडले. तिचा दुसरा लाभ अधिक मोलाचा होता. नोंदीची ओळख मध्येच बदलता येण्याचा जुना दोष तिने दूर केला, आणि जोसेफ पून व थॅडियस ड्रायजा यांच्या ‘लायटनिंग’ या योजनेची वाट मोकळी झाली.

लायटनिंगचे तत्त्व जुन्या बाजारपेठेला अपरिचित नाही. दोन व्यापाऱ्यांमध्ये नित्य देवघेव असेल, तर ते प्रत्येक वेळी रोकड मोजत नाहीत. खाते चालू ठेवतात आणि शेवटी फक्त बाकी चुकती करतात. येथेही दोघे आरंभी काही रक्कम सामाईक ठेवतात आणि तेवढीच नोंद मुख्य वहीत होते. नंतरचे व्यवहार परस्परांच्या सह्यांनी क्षणात पार पडतात आणि खाते बंद करताना अखेरची शिल्लक वहीत चढते. जुनी शिल्लक पुढे करून कोणी लबाडी केली, तर खात्यातील सारी रक्कम दुसऱ्या पक्षाला घेता येते. अशी खाती एकमेकांना जोडून हुंडीप्रमाणे तिऱ्हाइतालाही पैसे पोचवता येतात.

परंतु युक्ती सापडली म्हणून ती अमलात येतेच असे नाही. नवी पाने जोडण्यासाठी संगणकांची चढाओढ लावणाऱ्या ‘मायनर’ मंडळींपैकी ९५ टक्क्यांची संमती हवी होती. ती महिनोन्‌महिने मिळेना. मे २०१७ मध्ये पन्नासहून अधिक कंपन्यांनी न्यूयॉर्क येथे तडजोड ठरवली, की सेगविट स्वीकारावे आणि पानही दुप्पट करावे. उलट बाजूस वहीच्या प्रती राखणाऱ्या अनेकांनी १ ऑगस्टची मुदत घातली: त्यानंतर सेगविटला संमती न दर्शवणारे पान आपण मानणारच नाही! मुदतीपूर्वीच मायनर वळले. त्याच १ ऑगस्टला मोठ्या पानाचा पक्ष फुटून ‘बिटकॉइन कॅश’ हे निराळे चलन जन्मले. त्याचे पान आठ मेगाबाइटचे होते. २४ ऑगस्टला सेगविट लागू झाले, आणि पान दुप्पट करण्याचा बेत ८ नोव्हेंबरला मागे घेण्यात आला.

विजयाचा उत्सव मात्र लगेच करता आला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये भाव कडाडले, गर्दी उसळली आणि एका व्यवहाराचे सरासरी शुल्क पन्नास डॉलरांवर गेले. लायटनिंगची साधने खऱ्या पैशांसह लोकांच्या वापरात येऊ लागली ती २०१८ मध्ये. तिकडे बिटकॉइन कॅशचे पान ३२ मेगाबाइटचे झाले, तरी नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या पक्षातही पुन्हा फूट पडलीच. ७ सप्टेंबर २०२१ रोजी एल साल्वादोरने बिटकॉइनला कायदेशीर चलन केले आणि लायटनिंगच्या द्वारे दुकानांत देणी होऊ लागली. परंतु लोकांचा प्रतिसाद बेताचाच राहिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ते स्वीकारण्याची सक्ती उठवण्यात आली.

लायटनिंगने देणी जलद व स्वस्त केली, यात संशय नाही. मात्र तेथे रक्कम आधी गुंतवावी लागते, खात्यावर लक्ष ठेवावे लागते, आणि ही दगदग नको म्हणून पुष्कळ जण आपले पैसे कोणा कंपनीच्या हवाली करतात. सराफ पूर्णपणे गेला, असे म्हणता येत नाही. फरक इतकाच, की त्याच्याकडे जाणे आता सक्तीचे उरलेले नाही. ज्याला त्याचा हिशेब पटत नाही, त्याला मूळ वही स्वतः उघडून पाहता येते. दोन वर्षांच्या त्या कलहात ज्यांनी लहान पानाचा हट्ट धरला, त्यांनी राखले ते एवढेच. त्याची किंमत बरीच वर्षे लहान रकमा पाठवणाऱ्यांनी मोजली, हेही त्याच वहीत नोंदलेले आहे.